मेणावरचा बिबा

१९६३ साल, माघ महिना. सोनाबाईनं पदराच्या टोकाची गाठ सोडली, आतलं पळसाचं पान उलगडलं आणि गोठ्यातल्या दगडावर ते फळ ठेवलं. देठाकडे नारिंगी, मऊ, किंचित सुरकुतलेलं बोंड आणि त्याच्या टोकाला काळाकुळकुळीत बिबा. शेजारी म्हैस रवंथ करत उभी होती. तिनंही मान वळवून पाहिलं.

"हात लावशीन तं आंधी खोबरेल चोळ," सोनाबाई म्हणाली. "अन् डोयाले हात नोको लावू. बाकी काई करत नाई तो."

सोनाबाई नाल्यापलीकडच्या वस्तीत बिबे फोडून गोडंबी विकायची. तिचे हात मनगटापर्यंत काळे होते आणि तळव्यांची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. मी दोनदा मागितल्यावर तिनं तो बिबा आणला होता, तोही मागच्या दारानं. जाताना तिनं विचारलं, या घरात चालतं का हे. मी म्हटलं, घरात कुठे नेतेय, गोठ्यातच ठेवीन.

त्या घरात बिबा चालत नव्हता. लग्न होऊन आल्यावर तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला ते सांगितलं होतं. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद द्वारकाताई, आठ वर्षांच्या असताना परटानं त्यांच्या परकराच्या नेफ्यावर बिब्याची खूण केली होती. तो परकर नेसल्यावर बिबा उतला. कमरेपासून पोटापर्यंत फोड आले आणि महिनाभर पोरगी केळीच्या पानावर निजून होती. तेव्हापासून आमच्या घरचे कपडे परटाकडे जाताना कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका घालून जात. गुडघा दुखला तरी सासूबाई बिब्याचा चटका घेत नसत.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तो बिबा ठेवून घेतला.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. माहेर अमरावतीचं, तिथे मी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. सासर मेहकरच्या पुढे सहा मैलांवर, शंभर-सव्वाशे घरांचं गाव. आमचे हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येत. पौषात मला माझ्या जुन्या चित्रकलेच्या बाईंचं पत्र आलं. नागपूरला बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. निसर्गातली एकच वस्तू, अगदी जवळून पाहिलेली, मूळ आकाराच्या दसपट तरी मोठी काढायची. माध्यम कोणतंही, हवी तितकी मिसळली तरी चालेल. ज्यांची चित्रं निवडली जातील त्यांना चित्रकला-शिक्षिकेचा अभ्यासक्रम आणि वसतिगृह फुकट. यांनी पत्र वाचून नुसतं म्हटलं, निवड तर होऊ दे, मग बघू. सासूबाईंनी ऐकल्यासारखंच केलं नाही. द्वारकाताई मात्र म्हणाल्या, "काढ. कागद मी आणवते."

त्यांच्याविषयी आधी सांगायला हवं. त्या चाळिशीच्या होत्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. उजव्या डोळ्याला ऊन आणि धूळ लागली की पाणी यायचं, पण त्या एका डोळ्यावर त्या ओसरीत बसून मशीन चालवत. गावातल्या बायकांच्या चोळ्या, पोल्की, शाळेतल्या पोरांच्या खाकी चड्ड्या, बाळंतिणीच्या घरची झबली. भावाच्या घरात राहून त्यांनी कधी कुणापुढे हात पसरला नाही. एकदा मी गमतीनं विचारलं, वन्सं, तुमच्या वाट्याला शेत किती आलं. त्या म्हणाल्या, "हे मशीन अन् हा डोळा. एवढंच माझं शेत. दुसरं कुणी नांगरत नाही."

मी गोठ्याच्या कोपऱ्यात फळी मांडली आणि अर्ध्या इम्पीरियल कागदावर ते फळ घागरीएवढं काढलं. चार दुपारी लागल्या. बोंडाच्या सुरकुत्यांसाठी द्वारकाताईंनी टोपलीतल्या मलमलीच्या चिंध्या दिल्या. त्या मी खळीत बुडवून, चुण्या पाडून कागदावर चिकटवल्या आणि वरून हळद, गेरू आणि जलरंग चढवले. बोंड इतकं खरं दिसायला लागलं की सासूबाईसुद्धा शेण काढताना थांबल्या आणि म्हणाल्या, "हे का होय, काजू का?" मी हो म्हटलं; खरं फळ मी पोत्याखाली झाकून ठेवत असे.

अडलं ते काळ्यापाशी. त्या काळ्याला एक चमक असते. उजेड त्याच्यावर टिकत नाही, घसरतो. म्हणून मी आधी मेणबत्ती घासली, मग काळ्या मेणखडूचा जाड थर दिला. वरून काजळ लावून पाहिलं, शाई लावून पाहिली. शाई मेणावरून मोत्यांसारखी पळाली. काजळ मेल्यासारखं दिसलं. काळा रंग झाला होता, पण बिबा झाला नव्हता.

तेव्हा मला वाटलं, बिब्याचाच रंग का लावू नये.

मी सोनाबाईला जाऊन विचारलं, परीट कपड्यावर खूण करतो ती कशी. ती म्हणाली, सुई तापवून बिब्याला टोचायची, तेल येतं ते काडीनं लावायचं आणि वरून चुना. चुना लागला की बिबा मेला, मग ते कापड बाळाला घाला. मी कापडावर लावणार नाही, हे तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

सोमवारी दुपारी मी हातांना खोबरेल चोळलं, सुई तापवली आणि बाभळीच्या काडीनं ते तेल मेणाच्या थरावर पसरलं. काय सांगू, कागदावरचं ते फळ जिवंत झालं. काळं आणि आत खोल कुठेतरी तपकिरी. वरून पानात खातात तो चुना फडक्यातून भुरभुरवला, थोड्या वेळानं झटकला. बोटानं हलकंच चाचपलं, कोरडं लागलं. माझ्या बोटाला खोबरेल होतं, हे मी विसरले होते.

उन्हं उतरताना द्वारकाताई मशीन झाकून चित्र बघायला आल्या. त्यांची एक सवय होती. कुठलीही वस्तू त्या आधी बोटांनी बघत. कापड असो, पिठाची कणी असो, पोराचा गाल असो, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळून बघितल्याशिवाय त्यांना कळत नसे. एक डोळा असलेल्या माणसाला जवळचं आणि लांबचं नीट उमगत नाही, असं त्या म्हणत.

त्या फळीपाशी वाकल्या. आधी बोंडाच्या चुण्यांवरून बोट फिरवलं, हसल्या आणि म्हणाल्या, "माझीच मलमल, अन् मलाच ओळखू येईना." मग तेच बोट काळ्यावर टेकवलं आणि सवयीनं थोडं चोळलं.

मी म्हटलं, "रंग ओला आहे."

बिबा आहे, हात धुवा, असं मी म्हटलं नाही. चार शब्द होते. तोंडापर्यंत आले होते. सासूबाई दहा पावलांवर म्हशीला पेंड घालत होत्या.

"अगं बाई," म्हणत द्वारकाताईंनी बोट पदराला पुसलं. गोठ्यातल्या धुळीनं त्यांच्या डोळ्याला पाणी आलं होतं. त्याच पदराच्या टोकानं त्यांनी डोळा टिपला.

ते मी पाहिलं. आज बासष्ट वर्षं झाली, तरी तो पदर डोळ्याकडे जाताना दिसतो. मी म्हणू शकले असते, वन्सं, थांबा. मी चुन्याचं फडकं घडी करत राहिले. मनात म्हणत होते, चुना लावलाय, मेलाय तो.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. मी दिवसभर त्यांच्या मागे-मागे होते. पाणी नेऊन दे, बॉबिन भरून दे. त्या म्हणाल्या, "आज काय गं, नागपूरची लाच का मला?" मला हसायला आलं आणि वाटलं, सुटले. दिवेलागणीला त्या बोटं एकमेकांवर घासत होत्या. मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, काही नाही, चिलट चावलं असेल.

बुधवारी सकाळी त्या उठल्याच नाहीत. मी चहा घेऊन गेले. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता. हाक मारल्यावर त्या वळल्या आणि मी कपबशी खाली ठेवली. उजवा डोळा नव्हताच. तिथे तांबूस, ताणलेली सूज होती, पापणीची रेघसुद्धा दिसत नव्हती. गालावर आणि कपाळावर बारीक फोड, पाण्यानं भरलेले. अंग तापलेलं.

"नलू," त्या म्हणाल्या, "सकाळ झाली का?"

मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि आत पाऊल टाकलं नाही. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला.

"देवी हाय," त्या म्हणाल्या. "आली माय. ये, बस. पाहुनी म्हून ये अन् पाहुनी म्हून जाय."

त्या वेळी देवीच्या साथी होत्या. गावात देवी काढणारा सुई घेऊन आला की बायका पोरं लपवत. आमच्यापासून चार घरांवर कुंभाराच्या दोन मुलांना देवी आल्या होत्या, एक गेलं होतं. तेव्हा सासूबाईंनी दुसरं काही समजावं, असं कारणच नव्हतं. घरात बिबा नव्हता, असं त्यांना वाटत होतं.

तासाभरात सगळं घर बदललं. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला. चूल शांत, फोडणी बंद, तळण बंद. तेलाची बरणी कपड्यात गुंडाळून माळ्यावर गेली. देवी असताना घरात तेलाचा वासही चालत नाही. तेल अंगाला लागलं तर देवी कोपते आणि डोळे नेते, हे मी माहेरीही ऐकलं होतं. वैद्य नको, डॉक्टर नको. वेणीफणी नको. रोज सकाळ-संध्याकाळ माउलीच्या ओट्यावर पाणी घालायचं, आणि ते सुनेनं घालायचं.

मी कळशी घेऊन गेले. ओटा गावाबाहेर लिंबाखाली, शेंदूर लावलेले पाच दगड. मी पाणी घातलं, डोकं टेकलं आणि मागणं मागितलं. परत निघाले. कुंभाराच्या दारात त्याची बायको बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडंबी आली का?" मी मान हलवली.

गोठ्यात जाऊन मी चित्र पाहिलं. काळ्या भागावर जिथे त्यांचं बोट लागलं होतं तिथे चुन्याचा पापुद्रा फुटला होता आणि आत तेल चकाकत होतं. मी ते पोत्याखाली सरकवलं.

बुधवारचा सगळा दिवस असा गेला. मी त्यांच्या तोंडात चमच्यानं ताक घालत होते. त्या बोलत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "डोळ्यात कुणी निखारा ठेवल्यासारखं होतं गं." आणि एकदा विचारलं, की कुलकर्ण्यांच्या सुनेची चोळी अर्धी राहिली आहे, ती ओरडत तर नाही ना. सासूबाई दाराबाहेर बसून देवीची आळवणी करत होत्या. त्या मुलीजवळ जात नव्हत्या, पण दारही सोडत नव्हत्या.

गुरुवारी सकाळी सुजेच्या फटीतून पिवळं पाणी यायला लागलं. ओट्यावर पाणी घालून येताना मी नाल्याकडे वळले.

सोनाबाई झोपडीसमोर बसून बिबे फोडत होती. एका दगडावर बिबा, दुसऱ्या दगडाचा घाव, राखेत बोटं, पुन्हा बिबा. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, एका बाईला असं असं झालंय. कोणाला, ते सांगितलं नाही. तिनं मान वर केली.

"आंधी कुठं खाजलं?"

"बोटाला."

"देवी बोटापासून येत नाई," ती म्हणाली. मग हातातला बिबा बाजूला ठेवून, "कायच्यावर लावला होता तू?"

"कागदावर. खाली मेण घासलं होतं."

तिनं हातातला दगड खाली ठेवला. "मेनावर? अवो बाई, कापड पेते, म्हून चुना धरते. मेन काय पेते? मेनावर चुना सायीसारखा वरच बसते अन् खाली ते जितंच रायते."

मी विचारलं, उपाय काय. ती म्हणाली, खोबरेल लावायचं, भरपूर, आणि ओलं नारळ खायला घालायचं. डोळ्यात गाईचं कच्चं दूध, थंड. आणि तडक मेहकरच्या दवाखान्यात. "डोयाच्या आत फोड गेला तं मंग कोनीच काई करत नाई."

मी म्हटलं, घरात तेल चालत नाही, देवी म्हणतात सगळे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती घाबरेल. गावानं ऐकलं असतं की सोनाबाईच्या बिब्यानं द्वारकाताईचा डोळा गेला, तर तिची झोपडी राहिली नसती. तिलाही ते कळलं होतं. ती म्हणाली, "माहं नाव घेशीन तं घे. पन आज घे. उद्या घेऊन उपेग नाई."

मी घरी आले. कळशी खाली ठेवली. सासूबाई दारात तशाच बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. बिबा कुठून आला ते नाही सांगितलं; मी आणला, मी चित्राला लावला, वन्संनी बोट लावलं, तेच बोट पदराला आणि पदर डोळ्याला. मी सांगत असताना त्या हलल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"अन् आज गुरुवार."



त्या उठल्या. देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "माह्या घरात माउली बसली हाय. मी तिला ये म्हनलं. आता तू म्हनतं, थे नाई, बिबा हाय. बिबा असंल तं तेल लावलं पायजे. देवी असंल अन् तेल लावलं, तं माही पोरगी जाईन. डोयाबी जाईन अन् जीवबी जाईन." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "यात बोट घाल. तुह्या कुंकवाची आन घे, का हे बिब्याचंच हाय."

कुंकवाची आन म्हणजे यांच्या जिवाची. मी हात पुढे केला आणि थांबले. मला खात्री नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी अजिबात नव्हती. कुंभाराचं पोर मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचे फोड असेच दिसत होते. बिबा मला उतला नव्हता, माझ्या बोटाला नुसता काळा ठिपका होता. सोनाबाईनं तर द्वारकाताईंना पाहिलंही नव्हतं. आणि बोट आधी खाजलं, हे चिलटाचंही असू शकत होतं. मी खोटी ठरले तर एक बाई जाईल आणि माझं कुंकूही जाईल, असं मी तेव्हा अगदी मानत होते. वीस वर्षांची होते. ओटा, देवी, आन, सगळं माझ्यासाठी खरं होतं.

मी कोयरीत बोट घातलं आणि कपाळाला लावलं.

"बिब्याचंच आहे," मी म्हटलं.

सासूबाई माळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यानं शिडीवर पाय टाकवेना. तेवढ्यात आतून द्वारकाताईंचा आवाज आला. दोन दिवसांत त्या इतकं स्पष्ट बोलल्या नव्हत्या.

"आई, तेल काढ. मला लहानपणी असंच झालं होतं."

तेल मीच लावलं. सासूबाईंनी दारातून तोंड फिरवलं होतं. मी कपाळाला, गालांना, बोटांना खोबरेल लावत होते आणि प्रत्येक फोडाला हात लागताना वाटत होतं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. नुसता तेलाचा वास घरभर पसरला. सासूबाईंनी तो वास येताच भिंतीवर डोकं टेकलं.

कुणाला न सांगता त्यांनी गाडी जुंपायला लावली. गाडीवान पुढे बसला आणि मी मागे, द्वारकाताईंचं डोकं मांडीवर घेऊन, दुधात भिजवलेला कापूस डोळ्यावर धरून. सहा मैल बैलगाडीनं. नाला ओलांडला तेव्हा मी धीर करून विचारलं, वन्सं, तुम्हाला आधी कळलं नव्हतं का.

 गाडीच्या धक्क्यानं त्यांचं डोकं हलत होतं. मग म्हणाल्या, "मंगळवारी बोट खाजलं तेव्हाच वाटलं होतं. नंतर आई देवी म्हणाली. म्हटलं, देवीच असेल. बिबा असता तर नलू गप्प बसली नसती."

मेहकर येईपर्यंत मी कापसाकडेच बघत होते. कापूस वाळला की दुधात भिजवत होते. आणि माउलीच्या ओट्यावर बुधवारी सकाळी, बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी डोकं टेकून मी काय मागितलं होतं, ते आठवत होते. डोळा वाचव, असं मी तीनही वेळा म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, माउली, ही तूच अस. माझा बिबा नको, तू अस.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं की देवी नाहीत. त्यांनी डोळा धुतला, मलम घातलं, पट्टी बांधली आणि म्हणाले, बुबुळावर काय झालंय ते सूज उतरल्याशिवाय सांगता येणार नाही. आम्ही दवाखान्याच्या पडवीत सहा दिवस राहिलो. मी रोज पट्टी बदलताना डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत असे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. द्वारकाताई शिवणाचं बोलत. अमक्याची चोळी, तमक्याचं माप. मी माप लक्षात ठेवते म्हणायची.

सातव्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. पापणी अर्धी उघडली. त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. 

"ती पाल आहे की डाग?" त्यांनी विचारलं.

पाल होती. ती हलली तेव्हा डॉक्टरही हसले. बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका राहिला होता, मधोमध नव्हता.

घरी आलो तेव्हा चित्र नव्हतं. सासूबाईंनी ते जाळलं नव्हतं, बिब्याचा धूर डोळ्यांत जातो म्हणून. परड्यात खोल खड्डा करून पुरलं होतं. नागपूरची तारीख आम्ही दवाखान्यात असतानाच निघून गेली होती. गावात त्यांनी सांगितलं होतं, द्वारकीला देवी आल्या होत्या, मोठ्या देवीच्या ठाण्याला नवसाला नेली होती. बिब्याचं एका माणसाला कळू दिलं नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "कोनाची झोपडी जाळाची हाय का तुले?" सोनाबाईचं नाव मी सांगितलं नव्हतं. त्यांना न सांगताच ठाऊक होतं.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. त्या मला त्या गोष्टीवरून एकदाही टोचून बोलल्या नाहीत. फक्त पूर्वी दर शनिवारी मी त्यांच्या डोक्याला तेल लावत असे, ते बंद झालं. माझ्या हातचं तेल त्यांनी शेवटपर्यंत लावून घेतलं नाही. सोनाबाई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेली ती तिकडेच राहिली. तिच्या मुलीनं पुढे बिब्याला हात लावला नाही. यांना मी ती आन घेतल्याचं लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी सांगितलं. ते म्हणाले, मग मी इतका खोकतो तो तुझ्यामुळेच. ते अठ्ठ्याण्णव साली गेले, खोकल्यानं नव्हे. मी पुढे खामगावच्या कन्याशाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवली, वर्गाला पेरू आणि पानं काढायला लावली. स्वतःसाठी कागद घेतला नाही.

द्वारकाताईंनी आणखी तेवीस वर्षं मशीन चालवलं. चोळ्या मात्र त्यांच्याच्यानं झाल्या नाहीत, बारीक टाका दिसत नसे. गोधड्या, पिशव्या, खाकी. आणि दर माघात, जिथे असू तिथून, त्या मला गावी घेऊन जात. माउलीच्या ओट्यावर बसवून गावातल्या बायकांना म्हणत, माझ्या देवीत हिनं माझं सगळं केलं. बायका माझी ओटी भरत. खण, नारळ, तांदूळ. मी एकदा एकांतात म्हटलं, वन्सं, हे बंद करा. त्या म्हणाल्या, "का? केलं नाहीस का सगळं?" त्यांनी हे माझ्यावरच्या मायेनं केलं की मला विसरू द्यायचं नव्हतं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या शहाऐंशीच्या दिवाळीत गेल्या. पुढच्या माघात मी एकटीच गावी गेले. बायका नेहमीसारख्या मला बोलवायला आल्या. मी ओट्यावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या देवी नव्हत्या, बिबा होता, मी आणला होता आणि तीन दिवस गप्प बसले होते. ओट्यावर काय मागितलं होतं तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. एकीनं दुसरीकडे पाहिलं. कुंभाराची म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नणंद गेल्यापासून बाई लई खंगली." मग त्यांनी माझा पदर पसरला आणि ओटी भरली.